डांबर, खडी आणि पाणी : शिरपूर तालुक्यातील रस्त्यांच्या निमित्ताने

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून तापी वाहते आणि उत्तरेस सातपुड्याची रांग उभी आहे. या दोहोंमधील पट्ट्यात दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. पहिला मुंबई–आग्रा महामार्ग. तो सावळदे येथे तापी ओलांडून शिरपूरवरून सांगवी, पळासनेरमार्गे मध्य प्रदेशाच्या हद्दीत शिरतो. पूर्वी त्याचा क्रमांक ३ होता. २०१० सालच्या नव्या क्रमरचनेनुसार धुळे ते इंदूर हा भाग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ मध्ये मोडतो. दुसरा अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेर ही तापीच्या उत्तरेकडील गावे त्याने जोडली आहेत. या दोन रस्त्यांना फुटलेल्या फांद्या म्हणजे जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते. शेतातील कापूस आणि केळी, शाळेत जाणारी मुले, दवाखान्यात न्यावयाचा रुग्ण यांचा प्रवास या फांद्यांवरूनच सुरू होतो, आणि पंचायत राज्य संस्थांचा रोजचा संबंधही त्यांच्याशीच येतो.

पावसाळा संपला की या रस्त्यांबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. ती म्हणजे, "डांबर कमी टाकले." ही तक्रार कधी खरी असते, कधी नसते. परंतु तिच्या मागे जो समज आहे तो मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. रस्त्याला बळ डांबराने येते, असा तो समज होय. वस्तुतः ग्रामीण रस्त्यावर वाहनाचे ओझे पेलते ती खडी, आणि खडीला आधार देते ती खालची दाबलेली, कोरडी माती. वरच्या पातळ डांबरी थराचे काम दोनच गोष्टींचे आहे. खडीचे दाणे एकमेकांना धरून ठेवणे ही एक, आणि पाणी खाली जाऊ न देणे ही दुसरी. ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे रस्त्याची पाहणी करणाऱ्याची नजर केवळ काळ्या पृष्ठभागावर न राहता त्याच्या खाली आणि त्याच्या कडेला जाते.

खडीच्या रस्त्यावर डांबर का आले

मुंबई–आग्रा रस्ता एकोणिसाव्या शतकात बांधला गेला तेव्हा त्यावर डांबर नव्हते. जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) या स्कॉटिश रस्तेबांधणीकाराने फोडलेली, कोनदार खडी थराथराने पसरून दाबण्याची रीत रूढ केली, तीच त्या काळी सर्वत्र वापरात होती. मॅकॅडमचा सारा भर जमीन कोरडी ठेवण्यावर होता. माती कोरडी राहिली तर ती कोणतेही ओझे उचलते, खडीचा थर हे तिच्यावरचे छप्पर, असे त्याच्या विचाराचे सूत्र सांगता येईल. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव खडीवरून फिरे, तिच्या घर्षणाने बारीक चुरी तयार होई आणि ती पाण्याबरोबर फटींत बसून खडीला घट्ट करी. थोडक्यात, रस्ता वाहतुकीनेच बांधला जाई.

मोटार आली आणि हे गणित उलटले. हवा भरलेले रबरी चाक वेगाने फिरताना खडीमधील चुरी खेचून बाहेर काढते. चुरी धुळीच्या रूपाने उडून गेली की खडी सुटी होते. म्हणूनच मोटारवाहतूक वाढताच खडीला बांधणाऱ्या, वाऱ्याने न उडणाऱ्या आणि पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थाची गरज भासू लागली. भारतात या प्रश्नाचा देशव्यापी विचार करण्यासाठी १९२७ साली जी समिती नेमण्यात आली तिचे अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे होते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले हे गृहस्थ कायदा आणि राजकारण यांसाठी अधिक ओळखले जातात. पण पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठीच वापरावा, ही त्यांच्या समितीची शिफारस होती. तीनुसार १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी निर्माण झाला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. आज ग्रामपंचायतीसमोर येणाऱ्या अंदाजपत्रकातील अनेक निकष या संस्थेच्या पुस्तिकांतून आलेले असतात.

महाराष्ट्रातील ग्रामीण रस्त्यांच्या इतिहासात १९७२ च्या दुष्काळाचे स्थान वेगळे आहे. दुष्काळी कामांवर लाखो हातांनी खडी फोडली. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या कामांतून मातीकाम आणि खडीकरण झालेले कित्येक रस्ते नंतर टप्प्याटप्प्याने डांबरी झाले. त्यामुळे आजच्या काळ्या पृष्ठभागाखाली अनेक ठिकाणी बैलगाडीच्या वाहतुकीच्या हिशेबाने घातलेला जुना थर आहे, हे नूतनीकरणाचा ठराव करताना विसरून चालत नाही.

डांबर आणि बिटुमेन

मराठीत सर्रास ज्याला डांबर म्हणतात तो पदार्थ खरे पाहता डांबर नव्हे. मूळचे डांबर दगडी कोळशापासून निघते. कपड्यांत ठेवावयाच्या पांढऱ्या गोळ्यांना घरोघरी 'डांबराच्या गोळ्या' म्हणतात, कारण त्यांतील नॅफ्थलीन या कोळशाच्या डांबरातूनच मिळत असे. रस्त्यावर आज वापरला जातो तो पदार्थ खनिज तेलाच्या शुद्धीकरणात सर्वांत शेवटी उरणारा जड भाग असून त्याचे नाव बिटुमेन. कोळशाच्या डांबराचा धूर आरोग्याला अधिक घातक आणि त्यावर तापमानाचा परिणामही अधिक, म्हणून रस्त्यांसाठी ते मागे पडले. शब्द मात्र टिकला, आणि तो बदलण्याचे कारण नाही. या लेखातही पुढे डांबर म्हणजे बिटुमेन असेच समजावे.

डांबराचा एक गुण सर्व कामाच्या मुळाशी आहे. ते तापमानानुसार बदलते. थंडीत ते काचेसारखे ठिसूळ, उन्हाळ्यात मेणासारखे मऊ आणि दीडशे अंशांवर तेलासारखे पातळ होते. पातळ असताना ते खडीला माखता येते आणि थंड झाल्यावर तीच खडी धरून ठेवते. परंतु ते कोणत्या तापमानाला किती मऊ होते, यावर ते कोणत्या प्रदेशास योग्य हे ठरते.

खानदेशचे ऊन आणि डांबराची प्रत

पूर्वी डांबराची प्रत सुईने ठरत असे. १०० ग्रॅम भाराची सुई २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या डांबरात ५ सेकंदांत किती खोल शिरते हे मिलिमीटरच्या दहाव्या भागांत मोजत. ८०/१०० प्रतीच्या डांबरात ती ८ ते १० मिलिमीटर, तर ६०/७० प्रतीत ६ ते ७ मिलिमीटर शिरे. जुन्या अंदाजपत्रकांत हे आकडे अजूनही आढळतील. या कसोटीत एक उणीव होती. २५ अंशांवर सारखे वाटणारे दोन नमुने मे महिन्याच्या उन्हात अगदी निरनिराळे वागू शकतात. म्हणून २००६ साली भारतीय मानक बदलले आणि ६० अंशांवरील श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा विरोध, हा प्रतीचा आधार ठरला. तेव्हापासून व्हीजी-१०, व्हीजी-२०, व्हीजी-३० आणि व्हीजी-४० अशा प्रती प्रचारात आल्या. आकडा जितका मोठा तितके डांबर उन्हात अधिक घट्ट.

६० अंश हा आकडा मनाने घेतलेला नाही. काळा पृष्ठभाग ऊन शोषून घेतो आणि हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. कडक उन्हाळ्यात रस्त्याचे तापमान या पातळीला जाते. २०१३ च्या सुधारित मानकात तर ज्या प्रदेशात सलग ७ दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी ३८ ते ४५ अंश असते तेथे व्हीजी-३० आणि त्याहून अधिक असते तेथे व्हीजी-४० योग्य, असे सांगितले आहे. तापीच्या खोऱ्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४५ अंशांच्या घरात राहतो, हे ध्यानी घेतले तर शिरपूरच्या रस्त्यावर मऊ प्रतीचे डांबर का चालणार नाही, हे निराळे सांगावयास नको. तेथे ते उन्हाळ्यात वर येते, रस्ता चकाकू लागतो, चाकांच्या वाटेवर चाकोऱ्या पडतात आणि वळणावर पृष्ठभाग सरकून लाटा उमटतात. अशा रस्त्यावर डांबर कमी नसून जास्त किंवा अयोग्य असते. "डांबर कमी टाकले" या तक्रारीची दुसरी बाजू ती हीच.

डांबर तापवताना होणारी चूक बाहेरून दिसत नाही, म्हणून ती अधिक नुकसान करते. व्हीजी-३० साठी डांबराचे तापमान १५० ते १६५ अंश आणि खडीचे १५० ते १७० अंश असावे, मिश्रण रस्त्यावर पसरताना १४० अंशांखाली जाऊ नये आणि रोलरचे काम ते ९० अंशांवर येण्यापूर्वी आटोपावे, असे प्रमाण आहे. अधिक तापवलेल्या डांबरातील हलके तेलकट अंश उडून जातात, हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते कडक बनते आणि रस्ता नवा असतानाच म्हातारा होतो. पुढील दोन हिवाळ्यांत त्याला भेगा पडतात. लाकडाच्या जाळावर पिंप तापवण्याच्या जुन्या पद्धतीत हा धोका विशेष आहे, कारण तेथे तापमापकाऐवजी अंदाज चालतो.

तापमापक हाती नसलेल्या पाहणाऱ्यालाही काही खुणा ओळखता येतात. ट्रकमधील मिश्रणातून निळसर धूर निघत असेल तर ते प्रमाणाबाहेर तापले आहे. पांढरी वाफ निघत असेल तर खडी ओली होती. मिश्रणाचा ढीग शंकूसारखा न राहता ट्रकमध्ये सपाट पसरला असेल तर डांबर जास्त झाले असण्याचा संभव आहे. दाणे निस्तेज, तपकिरी दिसत असतील तर डांबर कमी पडले आहे किंवा जळले आहे. आणि मिश्रण चिकटू नये म्हणून ट्रकच्या तळाला डिझेल फासले जात असेल तर ते तत्काळ थांबवावयास हवे. डिझेल हे डांबराचे द्रावक आहे. पेट्रोल पंप आणि ढाब्यांसमोरील रस्ता लवकर उखडतो त्याचे एक कारण हेच. तळाला चुन्याचे किंवा साबणाचे पाणी पुरेसे होते. या गोष्टी सांगण्यासाठी सरपंचाला अभियंता असावे लागत नाही. कामाच्या वेळी जागेवर असावे मात्र लागते.

दगड कोठला, माती कोणती

शिरपूर तालुक्यात जमिनीचे दोन स्वभाव आहेत. उत्तरेकडे सातपुड्याच्या पायथ्याला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, उघडा पडतो. दक्षिणेकडे तापीने आणून टाकलेला गाळ आहे. तो काही ठिकाणी शंभर मीटरहूनही खोल असून त्यावर कपाशीची काळी माती आहे. रस्त्याला दगड हवा आणि तो मातीच्या पट्ट्यात नाही, म्हणून खडीची वाहतूक अंदाजपत्रकात मोठी जागा घेते. बेसॉल्ट हा डांबराशी चांगला चिकटणारा दगड आहे. ग्रॅनाइट किंवा गारगोटीसारख्या सिलिकायुक्त दगडांवरून पाणी डांबर सहज सोडवते, बेसॉल्टवरून तितक्या सहज नाही. निसर्गाने खानदेशाला दिलेली ही सोय होय. तथापि ती तीन प्रकारे वाया घालवता येते. अनेर किंवा अरुणावतीच्या पात्रातील गोल गोटे न फोडता वापरले तर ते एकमेकांत अडकून बसत नाहीत. चपटी खडी रोलरखाली मोडते आणि मोडलेल्या बाजूला डांबर नसते. खडीवर क्रशरची भुकटी तशीच राहिली तर डांबर दगडाला न चिकटता भुकटीला चिकटते.

ही तिसरी गोष्ट शाळेत सहज दाखवता येईल. रस्त्याच्या उखडलेल्या काठाचा तुकडा आणून नखाने डांबराचा पापुद्रा सोडवावा. त्याच्या आतल्या बाजूला करडी भुकटी दिसली तर रस्ता का उखडला याचे उत्तर मुलांना मिळते. प्रयोगशाळेतील कसोटी याहून फारशी निराळी नाही. डांबराने माखलेली खडी ४० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवतात आणि किती भागावरचे डांबर सुटले ते पाहतात. ते ५ टक्क्यांहून अधिक नसावे.

काळी माती हा मात्र खरा अवघड विषय आहे. ती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात शेताला पडणाऱ्या भेगा याच मातीच्या. रस्त्याखाली हीच हालचाल चालू राहिली तर वरचा दोन सेंटिमीटरचा डांबरी थर ती रोखू शकत नाही. भिजलेल्या काळ्या मातीत खडी खाली रुतते आणि माती खडीच्या फटींतून वर येते. म्हणूनच अशा मातीवर खडी थेट पसरण्यास मनाई असून मध्ये किमान २२५ मिलिमीटर जाडीचा, चिकटपणा नसलेल्या मुरुमाचा किंवा जाड वाळूचा थर द्यावा, असा निकष आहे. काही ठिकाणी चुना मिसळून मातीचा फुगीरपणा कमी करण्यात येतो. या थरावर झालेला खर्च गावकऱ्यांच्या नजरेस पडत नाही आणि वर चकचकीत कार्पेट दिसते. मुरुमाचा थर वगळून कार्पेट जाड करावे, अशी मागणी कधी कधी होते. ती मान्य करणे म्हणजे पाया न घालता छप्पर वाढवणे.

पाणी जिरवावे, पण रस्त्याकडेला नव्हे

शिरपूर तालुका जलसंधारणासाठी राज्यभर ओळखला जातो. नाले रुंद व खोल करून, बंधारे बांधून भूजल वाढवण्याचा येथील प्रयोग 'शिरपूर पॅटर्न' या नावाने पाहावयास दूरदूरचे लोक येऊन गेले. पाणी अडवा, पाणी जिरवा हा मंत्र या मातीत रुजला आहे. रस्त्याच्या बाबतीत मात्र त्याची दिशा फिरवावी लागते. शेतात आणि नाल्यात जिरवावयाचे पाणी रस्त्याच्या भरावात जिरता कामा नये. जेथे बंधाऱ्याचे पाणी भरावाला टेकते किंवा बागायती शेताचा पाट रस्त्याच्या कडेने जातो, तेथे रस्त्याची खालची माती बारमाही ओली राहते. अशा जागी भराव उंच करणे, मुरुमाचा थर साइडपट्टीच्या बाहेरपर्यंत नेऊन त्याला पाणी सोडण्याची वाट ठेवणे आणि पाट ओलांडावयाचा असेल तर त्यासाठी नळाची मोरी घालणे आवश्यक ठरते. रस्ता खोदून पाइप टाकावयाचा आणि वर माती लोटून द्यावयाची, ही रीत अनेक गावांत दिसते. त्या आडव्या पट्टीत पहिल्याच पावसात खड्डा पडतो आणि तेथून रस्ता दोन्ही बाजूंना तुटत जातो.

पृष्ठभागावरील पाण्याचे गणित सोपे आहे. डांबरी रस्त्याला मध्यापासून काठाकडे सुमारे अडीच टक्के उतार असावा. ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य त्या हिशेबाने काठापेक्षा पावणेपाच सेंटिमीटर उंच येतो. दोरी आडवी ताणून कोणालाही हे मोजता येईल. परंतु उतार बरोबर असूनही पाणी रस्त्यावरच थांबते, कारण साइडपट्टी वर्षानुवर्षे माती साठून रस्त्याहून उंच झालेली असते. डांबराचा काठ हा सर्वांत दुबळा भाग. तेथे पाणी मुरले की चाकाखाली काठ तुटतो, रस्ता दरवर्षी वीतभर अरुंद होतो आणि समोरासमोर आलेली वाहने साइडपट्टीवर उतरल्याने तो अधिकच तुटतो. साइडपट्टी उतरवून गटार मोकळे करण्याचे काम फावड्या-टोपलीचे आहे. त्याला डांबर लागत नाही, मोठा निधी लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते मागे राहते.

गावठाणात स्थिती याहून वेगळी असते. घरांचे सांडपाणी, हातपंपाचे पाणी आणि गोठ्यांचे पाणी रस्त्यावर येते. तेथे कोणत्याही प्रतीचे डांबर टिकणार नाही. गावाबाहेर डांबर आणि वस्तीत सिमेंट काँक्रीट, शेजारी पक्के गटार, हीच योजना शहाणपणाची आहे.

ओझ्याबद्दल एक शब्द. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या चाचणीतून असे आढळले की, आसावरील भार वाढला की रस्त्याचे नुकसान साधारणपणे त्या वाढीच्या चौथ्या घाताने वाढते. भार २० टक्क्यांनी वाढला तर नुकसान दुपटीवर जाते. वाळूचा किंवा खडीचा अति भरलेला ट्रक ग्रामीण रस्त्यावरून जातो तेव्हा तो रस्त्याच्या आयुष्यातील अनेक दिवस घेऊन जातो, आणि माती ओली असताना तर अधिकच.

डांबराचा हिशेब

लोकप्रतिनिधींनी ध्यानी ठेवण्यासारखा एक हिशेब आहे. ग्रामीण रस्त्यावर बहुधा २० मिलिमीटर जाडीचे कार्पेट आणि त्यावर सील कोट असतो. कार्पेटसाठी दर १० चौरस मीटरला १४.६ किलो डांबर लागते, डांबरात घोळलेल्या बारीक खडी-वाळूच्या सील कोटसाठी ६.८ किलो. एक किलोमीटर लांब व ३.७५ मीटर रुंद रस्त्याचे क्षेत्र ३,७५० चौरस मीटर होते. म्हणजे कार्पेटला सुमारे साडेपाच टन आणि सील कोटला सुमारे अडीच टन, असे एकूण आठ टन डांबर एका किलोमीटरला लागते. प्राइम कोट आणि टॅक कोट यांचे इमल्शन याहून निराळे. शासकीय कामांत तेलशुद्धीकरण कारखान्याची डांबराची चलने देयकासोबत पाहण्याची पद्धत आहे. चलनावरील तारीख, वजन आणि प्रत यांची सांगड कामाच्या तारखेशी घातली तर बऱ्याच शंका जागच्या जागी मिटतात. या आठ टनांपैकी सील कोटचे अडीच टन विशेष महत्त्वाचे, कारण कार्पेट हे सच्छिद्र असते. सील कोट न करता पावसाळा काढलेले कार्पेट म्हणजे कौले न घातलेले घर.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिच्या रस्त्यांवर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी कंत्राटदारावरच असते आणि तसा फलक रस्त्याच्या आरंभी लावलेला असतो. फलकावरील कामपूर्तीची तारीख वाचून, मुदतीत पडलेला खड्डा कोणी भरावयाचा हे ग्रामपंचायतीला लेखी कळवता येते. ही तरतूद जितकी वापरावयास हवी तितकी वापरली जात नाही.

वाया गेलेल्या प्लॅस्टिकचा उपयोगही या कामात होतो. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी पिशव्यांचे बारीक तुकडे तापलेल्या खडीवर टाकून तिला पातळ लेप देण्याची रीत शोधली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लॅस्टिक या रीतीने वापरता येते आणि खडीवरील लेपामुळे पाण्याचा परिणाम कमी होतो. पीव्हीसी मात्र वर्ज्य आहे, कारण तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतो. नागपूर–मनसर वळण रस्त्यावर डिसेंबर २०२४ मध्ये लिग्निन या वनस्पतिजन्य पदार्थापासून केलेले जैव-बिटुमेन वापरलेला एक तुकडा खुला झाला. देशाला लागणाऱ्या डांबराचा मोठा भाग आयात होतो, हे पाहता शेतातील काडीकचऱ्यातून असा पदार्थ मिळण्याच्या प्रयत्नांकडे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांचे लक्ष राहणे स्वाभाविक आहे.

खड्डा भरण्याची रीत

खड्ड्यात मिश्रण ओतून फावड्याने थोपटणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत. खड्ड्याभोवतीचा सैल झालेला भाग पक्क्या भागापर्यंत चौकोनी कापून घ्यावा लागतो. कडा उभ्या असाव्यात, कारण तिरक्या कडेवरील पातळ पापुद्रा पहिल्यांदा उडतो. तळाची ओली माती व सुटी खडी काढून, खोली जास्त असेल तर खालचा भाग खडी-मुरुमाने भरून दाबावा. नंतर तळाला आणि कडांना टॅक कोटचा हलका हात द्यावा व मिश्रण थराथराने भरून प्रत्येक थर दाबावा. शेवटी ते आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित उंच ठेवावे. वाहतुकीने ते बसते. त्याच खड्ड्यात दरवर्षी डांबर जात असेल तर दोष खड्ड्यात नसून शेजारच्या गटारात किंवा खालच्या मातीत आहे, असे समजून तेथे खोदून पाहणे स्वस्त पडते.

गरम डांबर ओल्या जागेवर चिकटत नाही आणि खड्डे तर पावसातच पडतात. या अडचणीतून मार्ग काढते ते इमल्शन. दुधात जसे स्निग्धाचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगतात, तसे इमल्शनमध्ये डांबराचे कण पाण्यात तरंगत असतात. ते तापवावे लागत नाही, त्यासाठी लाकूड जाळावे लागत नाही आणि भाजण्याची भीती नसते. दगडावर पसरल्यावर, दूध फाटते त्याप्रमाणे ते 'फुटते'. पाणी निघून जाते व डांबर दगडाला धरून राहते. पसरताना ते तपकिरी असते आणि फुटल्यावर काळे होते. तपकिरी असतानाच त्यावर कार्पेट टाकण्याची घाई केली तर पाणी आत कोंडते. फुटण्याच्या वेगानुसार त्याचे प्रकार आहेत. टॅक कोटला जलद फुटणारे, खडीच्या थरात मुरावयाच्या प्राइम कोटला सावकाश फुटणारे, आणि खडीत मिसळून थंड मिश्रण करावयाचे तर मध्यम किंवा सावकाश फुटणारे निवडतात. पावसाची सर चालू असताना किंवा खड्ड्यात पाणी साचलेले असताना हेही चालत नाही. पण खड्डा उपसून, पुसून, उघडीप मिळाली की दमट जागेवर काम करता येते.

जिल्हा परिषदेच्या उपविभागाकडून अशी पिंपे मे महिन्यातच मागवून ठेवली तर जुलैमधील पहिला खड्डा ताटाएवढा असतानाच भरता येतो. पिंप उन्हात ठेवू नये व झाकण घट्ट असावे. फार दिवस उभे राहिल्यास डांबराचे कण तळाशी बसतात. म्हणून पिंप अधूनमधून आडवे करून लोळवावे, आणि उघडण्यापूर्वी तर अवश्य लोळवावे. इमल्शन काठीला एकसारखे लागत असेल तर ते वापरण्यास योग्य. तळातून घट्ट गोळे आणि वरून नुसते पाणी निघत असेल तर ते पिंप रस्त्यावर नेऊ नये.